मोठं घर, चांगला पगार, तरी मूल दुसऱ्या कुटुंबाकडे का गेलं?

कराडजवळच्या एका शिक्षक जोडप्याचा प्रश्न थोडक्यात असा आहे. दोघांना पगार, स्वतःचं दुमजली घर, घरात सासूबाई आणि दुसरीत शिकणारा मुलगा. त्यांनी फॉस्टर केअरसाठी, म्हणजे प्रतिपालकत्वासाठी (मूल दत्तक न घेता काही काळ आपल्या घरी सांभाळायचं) अर्ज केला. गृहभेट झाली, पोलीस पडताळणी झाली, सात-आठ वर्षांच्या एका मुलाबद्दल प्राथमिक बोलणंही झालं. मग कळलं की तो मुलगा दुसऱ्या घरी दिला आणि त्या घराचं उत्पन्न यांच्या निम्मंही नाही. त्यांनी विचारलंय: आमच्यात कमी काय होतं? ठरवतात कशावर? मूल आम्हाला निवडता येतं का? आणि पुढच्या वेळी फॉर्मवर ‘कोणतंही मूल चालेल’ असं लिहिलं तर लवकर काम होईल का?

मी सांगली जिल्ह्यात याच कामात आहे. आधी बालगृहात समुपदेशन करायचे. आता कुटुंबं शोधणं, त्यांच्या घरी जाणं, अहवाल लिहिणं आणि मूल नव्या घरी गेल्यावर त्याची खबर घेत राहणं, हे काम आहे. तुमची फाईल मी पाहिलेली नाही, त्यामुळे तुमच्या बाबतीत नेमकं काय झालं ते मला सांगता येणार नाही. आमच्याकडे निर्णय कसा होतो ते मात्र सांगते. त्यातलं काय तुम्हाला लागू पडतं ते तुम्हालाच कळेल.

आधी एक घोळ मिटवू. दत्तकासाठी ‘कारा’च्या, म्हणजे दत्तकाचं काम बघणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या, पोर्टलवर नोंदणी होते आणि ज्येष्ठतेनुसार पाळी येते. त्यामुळे लोकांच्या डोक्यात रांग पक्की बसलेली असते. आपण आधी आलो, कागद पुरे केले, आता मूल आपलं. प्रतिपालकत्वात तसं नसतं. मंजूर कुटुंबांची यादी असते, आणि एखादं मूल समोर आलं की या मुलासाठी यातलं कोण, असा शोध सुरू होतो. मंजुरी मिळालेलं एक कुटुंब वर्षभर थांबतं आणि मागाहून आलेल्यांकडे महिन्याभरात मूल जातं, असं सर्रास होतं. कुटुंबांची एकमेकांशी तुलना करून पहिला-दुसरा नंबर काढायची वेळ आमच्यावर क्वचितच येते. तुलना होते ती कुटुंबाची आणि त्या एका मुलाच्या गरजांची.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. २०१५ च्या बाल न्याय कायद्यातल्या कलम ४४ मध्ये प्रतिपालकत्वाची तरतूद आहे, आणि त्याच कलमात म्हटलंय की जे मूल दत्तक देण्याजोगं आहे असं बाल कल्याण समितीला (अशा मुलांबद्दल आदेश देणाऱ्या समितीला) वाटतं, ते दीर्घकालीन प्रतिपालकत्वात द्यायचं नाही. म्हणजे तुमच्याकडे येणाऱ्या मुलाला बहुतेक वेळा कुणीतरी असतं. आई असते, पण आजारी. बाप असतो, पण तुरुंगात किंवा दारूत. आजी असते, पण तिचंच दुसरं कुणी करतं. मूल समितीपुढे आलं की पहिला शोध परक्या कुटुंबाचा होत नाही. थोडा हात दिला तर त्याचं स्वतःचं घर उभं राहील का, हे आधी बघतात. त्यासाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे, महिन्याला २,२५० रुपयांची. केंद्राच्या मिशन वात्सल्यमधून ४,००० रुपयांचं प्रायोजकत्व आहे. मावशी, आत्या, आजोळ, सगळं चाचपून होतं. तिथे जमलं नाही तर मग तुमच्यासारख्यांची यादी उघडली जाते. हे आम्ही प्रत्येक गृहभेटीत सांगतो, सगळे माना डोलावतात, आणि निघताना दारात कुणीतरी हमखास विचारतं, “पण मॅडम, नंतर कुणी मागायला तर येणार नाही ना?”

आता निकष. कायदा कुटुंबाबद्दल चार गोष्टी बघायला सांगतो: कुवत, हेतू, क्षमता आणि मुलं सांभाळण्याचा आधीचा अनुभव. नियमांत बाकीचं आहे. नवरा-बायको दोघांचीही तयारी हवी, घरातल्या सगळ्यांचे वैद्यकीय अहवाल हवेत, त्यात टीबी, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी यांच्या तपासण्या आल्या, गुन्ह्याची नोंद नको, राहायला पुरेशी जागा हवी. उत्पन्नाबद्दल अपेक्षा एवढीच की मुलाच्या गरजा भागाव्यात. ती पुरी झाली की पगार तीस हजार की दीड लाख याने माझ्या अहवालात फरक पडत नाही. २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनंतर एकट्या व्यक्तींनाही अर्ज करता येतो (एकट्या पुरुषाकडे मुलगी देत नाहीत), आणि दोन वर्षं मूल घरात नीट रुळलं असेल तर पुढे दत्तकाचा मार्ग खुला होऊ शकतो. पूर्वी ही मुदत पाच वर्षांची होती. या बदलामुळे अर्ज वाढलेत, ही चांगली गोष्ट आहे. पण दोन वर्षांनी मूल आपलंच होणार असं धरून येणारेही वाढलेत, आणि ते ओळखणं हे आता आमचं मोठं काम होऊन बसलंय.

हे सगळं जमलं म्हणजे तुम्ही यादीत आलात. खरी जुळणी यानंतर सुरू होते, आणि ती कागदावर कमी दिसते. ती कशी होते हे एका उदाहरणाने सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

जत तालुक्यातला नऊ वर्षांचा मुलगा. बाप वारलेला. आईला मानसिक आजार, उपचार मिरजेत सुरू, कधी बरी, कधी दोन-दोन महिने वाईट. मामा होता, पण त्याचंच भागत नव्हतं आणि तसं त्याने समितीपुढे स्पष्ट सांगितलं. मुलाची घरची भाषा कानडी, शाळाही कानडी माध्यमाची. मराठी समजायचं, बोलायला लाजायचा, त्यामुळे बालगृहात सगळ्यांना तो मुका-मुका वाटायचा. रात्री अंथरूण ओलं करायचा. जेवताना अर्धी भाकरी खिशात जायची आणि दुसऱ्या दिवशी गादीखाली सापडायची. दर रविवारी दुपारी फाटकाशी जाऊन उभा राहायचा, कारण आई आली तर रविवारी यायची.

दोन कुटुंबं विचारात होती. एक सांगलीत विश्रामबागेतलं, दोघं नोकरीत, शांत फ्लॅट, मुलासाठी वेगळी खोली, टेबल-खुर्ची, भिंतीवर नकाशा आधीच लावलेला. दुसरं मिरज पूर्व भागातल्या गावातलं. नवऱ्याची पिठाची गिरणी, बायको शिवणकाम करते, दोन मुलींची लग्नं झालेली. त्या बाईंचं माहेर अथणीकडचं, त्यामुळे घरात निम्मं बोलणं कानडीत.

दोन्हीकडे मी एकच माहिती दिली आणि गप्प बसले. हे आम्ही मुद्दाम करतो. मुलाबद्दल अवघड गोष्ट सांगायची आणि समोरचा पहिला प्रश्न काय विचारतो ते ऐकायचं. अंथरूण ओलं करण्याबद्दल विश्रामबागेतले गृहस्थ म्हणाले, “डॉक्टरांना दाखवलंय ना? किती दिवसांत बंद होईल?” गिरणीवाल्यांच्या घरी बाईंनी विचारलं, “रात्री उठवायचं का झोपू द्यायचं? आमची थोरली तशीच करायची, उठवलं की घाबरायची.” भाकरीबद्दल ऐकल्यावर त्या म्हणाल्या, “मग उशाशी एक डबाच ठेवते की.” आईबद्दल सांगितलं तेव्हा फ्लॅटमधल्या वहिनींनी विचारलं, “आईला भेटून आल्यावर तो परत अस्वस्थ होणार, मग भेटी थोड्या कमी करता येतील का?” गिरणीवाल्यांनी एवढंच विचारलं, “आई कुठल्या एस्टीनं येणार? स्टँडपासून आमचं घर लांब पडतंय, मी गाडीवर आणीन.”

विश्रामबागेतल्या वहिनींचा प्रश्न चुकीचा नव्हता. भेटीनंतर मुलं बिथरतात, खरंच बिथरतात, आणि त्यांना ते आधीच दिसलं हे त्यांच्या बाजूने मी अहवालात लिहिलंही. पण या मुलाचा सगळा जीव त्या रविवारात अडकलेला. आई जिवंत आहे, अधूनमधून बरी असते, उपचार नीट चालले तर दोन-तीन वर्षांत त्याला परत घेऊही शकेल. कलम ४४ सुद्धा सांगतं की आई-वडील सांभाळायला असमर्थ ठरल्यामुळे मूल बाहेर दिलं असेल तर त्यांना नियमित भेटता येईल (भेट मुलाच्या हिताची नाही असं समितीला वाटलं तर तशी कारणं नोंदवून ती थांबवता येते), आणि ते सावरल्यावर मूल घरी परतू शकेल. तेव्हा या मुलासाठी घर निवडताना सगळ्यात वरचा निकष हाच होता: त्याच्या आईला हे घर उंबऱ्याच्या आत घेईल का? भाषा दुसरी. वेगळी खोली यादीत फार खाली होती, खरं तर त्याला एकट्याला खोलीत झोपायची भीतीच वाटायची.

मुलगा गिरणीवाल्यांकडे गेला. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असेल की शिकलेलं, सुस्थितीतलं घर डावललं. काही महिन्यांनी त्याच फ्लॅटमध्ये दुसरं मूल गेलं. बारा वर्षांची मुलगी, आई-बाप दोघेही नसलेली, अभ्यासाची प्रचंड ओढ, गोंगाटाचा तिटकारा. तिच्यासाठी तेच घर योग्य होतं, आणि गिरणीच्या आवाजात ती मुलगी आठवडाभर टिकली नसती. माझ्या लेखी दोन्ही घरं चांगली.

आता तुमच्याबद्दल अंदाजाने दोन शब्द. तुमचा मुलगा दुसरीत आहे आणि बोलणं झालं ते मूलही सात-आठ वर्षांचं. आमच्याकडचा अनुभवाचा नियम असा की येणारं मूल घरातल्या मुलाच्या बरोबरीचं नसावं, शक्यतो दोन-तीन वर्षांनी लहान असावं. जोडीला जोडी होईल, एकत्र खेळतील, असं आई-बापांना वाटतं. प्रत्यक्षात एकाच वर्गात बसवलेली दोन मुलं रोज संध्याकाळी मोजली जातात: याचं पाढ्यांचं झालं, त्याचं नाही. आपली जागा गेली असं तुमच्या मुलाला वाटतं, आणि आलेल्या मुलाला आपण इथे कायम दुय्यम आहोत हे महिन्याभरात कळतं. हा नियम मोडलेली चांगली उदाहरणंही आहेत, तेव्हा तो दगडावरची रेघ नव्हे. पण दुसरं घर उपलब्ध असेल तर मीही बरोबरीचं मूल तिथे देणार नाही.

तुम्ही दोघं शिक्षक आहात, म्हणून थोडं अवघड बोलते, राग मानू नका. बालगृहात आलेल्या बऱ्याच मुलांची शाळा तुटलेली असते. ऊसतोडीला आलेल्या टोळ्यांमधली मुलं घ्या. वर्षातले पाच-सहा महिने फडावर, कोपीत, कारखाना बंद झाला की परत गावाकडे. हजेरीपटावर पाचवी, आणि जोडाक्षर आलं की गाडी अडते. शिक्षकांच्या घरात अशा मुलाला मदत मिळते हे खरं, आणि त्याच घरात त्याचं अपयश रोज उठून दिसतं हेही तितकंच खरं. गृहभेटीत मी शिक्षक जोडप्यांना हमखास विचारते, “वर्षभर याने पुस्तकाला हात लावला नाही तर?” ज्यांना हसू येतं त्यांच्याबद्दल मला भरवसा वाटतो. जे लगेच वेळापत्रक सांगायला लागतात त्यांच्याकडे आधीच थोडं शिकतं मूल द्यावं असं मी लिहिते.

घर म्हणजे नवरा-बायको एवढंच नसतं, आणि आपल्याकडे तर नसतंच. तुमच्या सासूबाईंशी कुणी वेगळं बसून बोललं होतं का, ते आठवा. मी बोलते, आणि स्वयंपाकघरात बोलते, बैठकीत नाही. दिवसभर मुलाजवळ त्याच असणार. विट्याच्या बाजूला अशी घरं आहेत की कर्ता पुरुष गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यात तामिळनाडूत नाहीतर केरळात, गावात चिरेबंदी घर, आणि वर्षाचे अकरा महिने घरात सून आणि म्हातारी माणसं. अर्जावर सही दोघांची असते, सांभाळणारं माणूस एकच असतं. अशा घराला मी नाही म्हणत नाही, पण वयात येणारा, रागाने घर सोडून जाणारा मुलगा तिथे देत नाही. एकत्र कुटुंब असेल तर दीर, पुतणे, वरच्या मजल्यावरचा भाडेकरू, घरात मोकळेपणाने वावरणारा प्रत्येक माणूस मी मोजते. लैंगिक अत्याचारातून आलेल्या मुलीसाठी हे पहिलं बघायचं असतं. ती रात्री कुठे झोपेल आणि न्हाणीघराला आतून कडी आहे का, हे मी स्वतः डोळ्यांनी बघून येते. दुसरी भेट न कळवता असते ती यासाठीच.

जातीचा विषय कुणी लिहीत नाही, म्हणून लिहिते. “लेकरू कोणत्या समाजाचं?” हा प्रश्न दहातल्या निम्म्या घरांत कधी आडून, कधी सरळ येतो. नुसता प्रश्न आला म्हणून मी फाईल बंद करत नाही. इकडे माणसं सोयरीक असो की भाड्याची खोली, तो विचारतातच. उत्तर ऐकल्यावर काय होतं ते मी बघते. “बरं” म्हणून विषय संपला तर संपला. पण “आमचं काही नाही, सासूबाईंचं देवघर आहे ना” असं सुरू झालं, तर त्या घरात मुलाला पाण्याच्या हंड्याला हात लावायची चोरी होणार, हे समजून चालायचं. मग पगार, बंगला, शिक्षण काहीही असो, माझी शिफारस जात नाही. धर्म आणि खाण्यापिण्याचंही तसंच विचारते: मूल ईद पाळणारं असेल तर त्या दिवशी घरात काय होईल? मटण खाणारं मूल माळकरी घरात गेलं तर त्याला बाहेर खाऊ देणार का? जमवून घेणारी माळकरी घरं मी पाहिलीत, तेव्हा यावरून आधीच निष्कर्ष काढत नाही.

भावंडांबद्दल कायदा स्पष्ट आहे. शक्य तितकं एकत्र ठेवायचं, वेगळं ठेवणं त्यांच्याच हिताचं असेल तरच अपवाद. “धाकटी द्या, मोठी नको” असं म्हणणारी घरं बरीच येतात. तिथे पुढचं बोलणं थांबतं.

मूल निवडता येतं का? नाही, फोटो बघून तर नाहीच. पण नकार देता येतो, आणि तो दिलात म्हणून आमच्याकडे कुणी तुमच्या नावापुढे काट मारत नाही. तसाच नकार मुलालाही देता येतो. आधी आमच्या कार्यालयात किंवा बालगृहात भेट, मग अर्धा दिवस घरी, मग एखादी सुट्टी मुक्कामी. या फेऱ्यांत मुलाच्या तोंडच्या शब्दांपेक्षा मी बाकीचं जास्त बघते. “छान आहेत, त्यांच्याकडे मोठा टीव्ही आहे” यावर फार विसंबायचं नसतं. परत आल्यावर ते जेवलं का, झोपलं का, तिथलं एखादं नाव आपणहून घेतलं का, हे जास्त सांगून जातं. एका मुलीने तीन वाक्यांत घर नाकारलं होतं: काका चांगले आहेत, काकू चांगल्या आहेत, मला तिथे हसता येत नाही. तेवढ्यावर थांबलो.

शेवटचा आदेश बाल कल्याण समितीचा. आम्ही शिफारस करतो, मान्यतेसाठी जिल्हा पातळीवरची समिती असते, आणि मूल घरी गेल्यावर दर महिन्याला पाहणी व्हावी असं कायदाच सांगतो. हेही मान्य करते की वर जे सगळं लिहिलं ते पुरेशी कुटुंबं हाताशी असतील तेव्हाचं. प्रत्यक्षात यादी लहान असते. कित्येकदा प्रश्न ‘दोनपैकी कोणतं’ असा नसून ‘हे एकच घर आहे, इथे द्यावं की बालगृहातच राहू द्यावं’ असा असतो. आणि न जुळणाऱ्या घरात घाईने देऊन चार महिन्यांनी परत आणलेलं मूल आधीपेक्षा जास्त मिटून जातं. म्हणून कधीकधी उत्तर ‘आत्ता कुणीच नाही’ असंही येतं, आणि यादीतली कुटुंबं वैतागतात. त्यांचा वैताग मला समजतो.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. ‘कोणतंही मूल चालेल’ असं कृपा करून लिहू नका. ते वाचून आम्हाला एवढंच कळतं की तुम्ही अजून नीट विचार केलेला नाही. त्याऐवजी लिहा की चार ते सहा वर्षांचं मूल झेपेल की अकरा-बारा वर्षांचं, अंथरूण ओलं करणं झेपेल का, चोरी झेपेल का, नियमित औषधं लागणारं मूल झेपेल का, महिन्यातून दोनदा त्याची आई घरी आलेली चालेल का. जे झेपणार नाही ते स्पष्ट ‘नाही’ लिहा. प्रामाणिक ‘नाही’मुळे जुळणी लवकर होते. मात्र प्रतिपालकत्वात सहसा सहा वर्षांपुढची मुलं येतात, तेव्हा तुमच्या मुलापेक्षा लहान मूल हवं असेल तर थोडं थांबावं लागेल, किंवा त्याच्यापेक्षा बऱ्यापैकी मोठ्या मुलीचा विचार करावा लागेल. त्यावर आधी सासूबाईंना आणि मुलालाही विचारा. आणि साताऱ्यातल्या जिल्हा बाल संरक्षण कक्षात वेळ घेऊन जा. त्या मुलाची माहिती ते देणार नाहीत, देऊही नये. पण “आमच्या गृहभेटीच्या अहवालात कोणत्या वयाचं, कसं मूल आम्हाला योग्य असं लिहिलंय?” हे विचारायला हरकत नाही. उत्तर ‘तसं काही लिहिलेलं नाही’ असं आलं, तर पुन्हा एकदा गृहभेट करा म्हणून तिथेच अर्ज देऊन या.